बर्फाच्या मुलखातली सौर वीज

प्रश्न : माझी लेक कॅनडात कॅलगरीला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा जावयांनी लोमंड गावाजवळचा ट्रॅव्हर्स सौर प्रकल्प दाखवला. जिकडे बघावं तिकडे पॅनेल. जिथे निम्मं वर्ष बर्फ, तिथे हा खटाटोप परवडतो का? आणि लेकीच्या घरी येते ती हीच वीज का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : ताई, पॅनेलला थंडी बाधत नाही, उलट मानवते. त्याला सोसत नाही तो ताप. सिलिकॉनचं पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी पॅनेल साठीपर्यंत तापतं, म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा गेला. कॅलगरी ज्या प्रांतात आहे, त्या अल्बर्टाच्या दक्षिण भागात आभाळ बऱ्याचदा निरभ्र असतं आणि जूनमध्ये दिवस सोळा तासांचा. म्हणून ती जागा निवडली.

तरी ट्रॅव्हर्सची क्षमता म्हणून सांगतात तो ४६५ मेगावॉट हा आकडा जपून वाचा. ३,३३० एकरांत १३ लाख पॅनेल आहेत आणि वर्षाकाठी सुमारे ८० कोटी युनिट वीज अपेक्षित धरली आहे. चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला असता, तर चारशे कोटींच्या वर झाली असती. म्हणजे हाती लागतो पाचवा हिस्सा. सूर्यावर चालणाऱ्या प्रकल्पाला हे वाईट नाही, पण ती वीज कोणत्या वेळी येते हे महत्त्वाचं.

मी नोकरीची बरीच वर्षं लोड डिस्पॅचला, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या केंद्रात काढली, त्यामुळे १३ जानेवारी २०२४ची तिथली संध्याकाळ मला फार महत्त्वाची वाटते. कडाका इतका की गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून लोक रात्री गाडीची वायर प्लगला लावून ठेवतात. घराघरांत घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे पंखे चालू, दिवे चालू, स्वयंपाक चालू. सूर्य कधीच मावळलेला, वारा पडलेला, त्यात गॅसवरचे काही संच बंद. शेवटी लोकांच्या मोबाइलवर सरकारी इशारा वाजला : गरज नसलेली उपकरणं बंद करा. काही मिनिटांत मागणी सुमारे २०० मेगावॉटने उतरली आणि लोडशेडिंग टळलं. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला २०० मेगावॉट म्हणजे काय, हे मी जाणतो.

त्या रात्रीचं खापर सौर प्रकल्पांवर फोडणं मला पटत नाही. संध्याकाळी सूर्य नसणार हे आधीच माहीत असतं, त्याची सोय बॅटरी आणि राखीव संचांनी करायची असते. आपल्याकडे शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी सौर फीडर (सौर विजेवरच्या वेगळ्या वाहिन्या) होताहेत, ते मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं. पंप दुपारी चालवता येतो. दिवा नाही.

लेकीच्या घराचं म्हणाल, तर ट्रॅव्हर्समधून तिच्याकडे वेगळी तार गेलेली नाही. प्रकल्पातल्या ४०० मेगावॉटच्या खरेदीचा करार अॅमेझॉनने केला आहे, पण तो व्यवहार पैशांचा. वीज प्रांताच्या ग्रिडमध्ये, म्हणजे वीजतारांच्या सामायिक जाळ्यात पडते आणि जवळ जिथे वापर चालू असेल तिकडे वाहते. जून २०२४मध्ये अल्बर्टातली कोळशाची वीज बंद झाली. तिची जागा मुख्यतः नैसर्गिक वायूने घेतली, हेही सांगायला हवं.

तिथल्या ग्रिड चालवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणता प्रकल्प या क्षणी किती मेगावॉट देतोय ते कुणालाही दिसतं. लेकीला ट्रॅव्हर्सची ओळ जूनच्या दुपारी आणि डिसेंबरच्या संध्याकाळी पाचला बघायला सांगा. आकडे कळवलेत तर पुढच्या अंकात त्यांच्यावरच लिहीन.