अंगठे कुठे पळून जात नाहीत

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं, रागावू नकोस. सोमवारी निश्चय, मंगळवारी महागडी मॅट, बुधवारी पहाटे चारला उठून फोनवर बघत बारा सूर्यनमस्कार आणि वर पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय समोर पसरून पुढे वाकणं, गुरुवारी कंबर धरून ऑफिस. बेचाळिसाव्या वर्षी मीही नेमकं हेच केलं होतं. फोनच्या जागी भिंतीवरचा तक्ता होता, एवढाच फरक. पुढचे चार दिवस बँकेत पेन खाली पडलं की शिपायाला हाक मारायचो.

कंबर का धरली ते आधी समजून घे. दिवसभर खुर्चीत बसून मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात. त्यांचं वरचं टोक बसण्याच्या हाडाला जोडलेलं असतं. ते सैल पडत नाहीत तोवर पुढे वाकताना माकडहाडाकडचा भाग पुढे कलत नाही, जागीच अडतो. तरी डोकं गुडघ्याला लावायचंच म्हटलं की सगळा वाक कंबरेच्या मणक्यांतून काढावा लागतो. त्यात हिसके दिलेस, तर स्नायू स्वतःला वाचवायला उलट आणखी आकसतो. म्हणजे जोर लावून तू दार बाहेरून ढकलत होतास आणि आतला माणूस कडी घालत होता.

आता असं कर. सतरंजीची जाड घडी घालून तिच्या काठावर पाय समोर पसरून बस, म्हणजे बैठक पायांपेक्षा उंच होईल. गुडघे थोडे वाकलेले राहू देत. जुना पंचा तळव्यांभोवती घाल, दोन्ही टोकं हातात धर आणि पाठीचा कुबड न काढता छाती पुढे ने. ताण मांडीमागे जाणवला पाहिजे. कंबरेत किंवा गुडघ्याच्या मागच्या खोबणीत जाणवला, तर थोडं मागे ये. श्वास कोंडला तरी मागे ये. पाच-सहा सावकाश श्वास, आणि सुटका. पायाचे अंगठे कुठे पळून जात नाहीत. हात पोचायला सहा महिने लागले तरी चालेल. माझे एक वर्ष पोचले नव्हते.

पंच्याची लाज वाटत असेल तर ऐक. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि पुढे पट्टे, लाकडी विटा, दोर, लोड हे सगळं त्यांनी आसनांच्या मदतीला घेतलं. त्यांच्या पुण्यातल्या संस्थेत आजही विद्यार्थी भिंतीच्या दोराला लोंबकळतात. आपला पंचा त्याच घराण्यातला, गरीब नातेवाईक म्हण.

हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत: अति खाणं, अति श्रम, बडबड, नियमांचा हट्ट, लोकांची संगत आणि चंचलपणा. पहिल्याच आठवड्यात तू श्रम, पहाटे चारचा हट्ट आणि स्टेटसवरच्या फोटोची बडबड मिळून तीन तरी साधल्यास. चारला उठू नकोस. सकाळी प्रातर्विधी आटोपून, पोट रिकामं असताना वीस मिनिटं पुरेत. संध्याकाळी करणार असशील तर जेवणानंतर तीन-चार तास जाऊ देत.

पहिला महिना फक्त ताडासन, भिंतीला हात लावून वृक्षासन, मार्जारासन, कोपरं वाकलेली ठेवून भुजंगासन, एका पायाचं पवनमुक्तासन, आणि वर सांगितलेलं सतरंजीवरचं बसणं. शेवटी शवासन, पाच मिनिटं, घड्याळ लावून. नवशिके हेच गाळतात. उठायची घाई होते ना, तेव्हाच पडून राहायचं. प्राणायामात श्वास कोंडून धरण्याच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. नुसता उच्छ्वास थोडा लांबव. शीर्षासनाचं तर वर्षभर नावही काढू नकोस. रक्तदाब, हर्निया, मणक्याचा किंवा डोळ्यांचा काही त्रास निघाला तर आधी डॉक्टरला विचार. आणि ही कंबर आठवड्यात बरी झाली नाही, किंवा कळ पायात उतरू लागली, तर आधी तीच डॉक्टरला दाखव.

क्लास लावायचा म्हणतोस, लाव. पण फी विचारण्याआधी एक दिवस मागे बसून बघ. नवीन माणूस आला की शिक्षक त्याला पाठ-गुडघ्यांविषयी विचारतात का? वर्गाकडे बघतात, की स्वतःच आसनं करून दाखवत राहतात? कोणी अडलं की पाठीवर बसून दाबतात? तसं असेल तर चपला घाल आणि निघ. मला एकदा असं दाबलं होतं. ती बरगडी अजून पावसाळ्यात आठवण देते. चार दिवस काढता आले तर लोणावळ्याला कैवल्यधाम या योगसंस्थेत जाऊन ये. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ती संस्था काढली आणि आसनं करताना शरीरात नेमकं काय होतं हे क्ष-किरण आणि उपकरणं लावून तपासायला घेतलं. तुझ्यासारख्या ‘पुरावा काय?’ विचारणाऱ्याला तिथे करमेल.

तोवर रविवारी सकाळी सातला माझ्याकडे ये. मॅट घरीच ठेव, आमच्या गच्चीवर सतरंजी आहे. उपाशी ये, पोहे नंतर मिळतील.

तुझा,
काका