दाखल नोंदवहीपासून सुरुवात कर

प्रिय मित्रास,

वाचनालयाचा इतिहास लिहायला घेतलास, याचा मनापासून आनंद आहे. इतिवृत्तं आणि वार्षिक अहवाल मात्र आधी उघडू नकोस. त्यांत अध्यक्ष, इमारत निधी, उद्घाटनं सापडतील, वाचक सापडणार नाही. तो दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन चढवतात त्या वहीत, आणि देवघेवीच्या नोंदींत आहे.

दर दहा वर्षांतलं एक वर्ष घे आणि त्या वर्षी दाखल झालेली पुस्तकं विषयवार मोज. ‘खरेदी’ आणि ‘देणगी’ वेगळी धर, नाहीतर फसगत होते. एकाच दिवशी दोनशे पुस्तकं चढलेली दिसली, तर बहुधा कुणाच्या घरचं कपाट रिकामं झालेलं असतं. ती वाचकांची मागणी नव्हे. ब्रिटनमध्ये १८५०च्या कायद्याने वाचनालयासाठी कर लावता येऊ लागला, पण त्या पैशातून पुस्तकं घेता येत नव्हती. ती मुभा १८५५ साली मिळाली. तोवर देणगीवरच भिस्त होती.

शेवटचा दाखल क्रमांक म्हणजे आजची ग्रंथसंख्या, असं समजू नकोस. ‘शेरा’ रकान्यातली ‘गहाळ’ आणि ‘बाद’ पुस्तकं वजा कर. बालविभागाची वही वेगळी असेल तर तिचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात, हेही तपास. हा शेरा रकाना मला सर्वांत बोलका वाटतो. पुस्तकं खिडकीतून मागून घ्यायची पद्धत जाऊन मुक्तद्वार, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडायची पद्धत, कधी आलं, हे पुष्कळदा वाढलेल्या ‘गहाळ’ नोंदींवरून ताडता येतं. लंडनमध्ये क्लर्कनवेलच्या वाचनालयाने १८९४ साली कपाटं वाचकांना खुली केली, तेव्हाही चोरीच्या भीतीने मोठा वाद झाला होता.

अलीकडची देवघेव घटलेली दिसेल. तेवढ्यावरून ‘वाचनालय ओस पडलं’ असं लिहू नकोस, कारण अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्याची नोंद देवघेवीत येतच नाही. एक आठवडा दर तासाला फेरी मार. वर्तमानपत्र, स्वतःचं पुस्तक, संगणक, नुसती बसायची शांत जागा, कोण कशासाठी आलंय ते मोज. परीक्षेच्या दिवसांत हीच मोजणी पुन्हा कर. दोन आकड्यांतली तफावत हाच तुझ्या शेवटच्या प्रकरणाचा विषय.

जुन्या वह्यांचा कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नकोस, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. वही पूर्ण सपाट न उघडता दोन्ही बाजूंना उशी देऊन फोटो काढ. कुणी काय वाचलं ही नावानिशी माहिती छापायची नाही, फक्त आकडे.

पहिल्या दोन वर्षांचा तक्ता झाला की पाठव, शेऱ्यांसकट.

शुभेच्छांसह.