काफ्का-काम्यू वाचायच्या आधी फिलॉसॉफी पक्की करावी लागते का?

तुम्ही विचारलंय की सार्त्र, काम्यू, काफ्का ही लेखक मंडळी वाचायची तर आधी कॉन्टिनेन्टल फिलॉसॉफीचा अभ्यास लागतो का, आणि हायडेगर या जर्मन फिलॉसॉफरचं ‘बीइंग अँड टाइम’ उघडलं तर सुरुवातीलाच गाडी अडकली, आता काय करू. माझं उत्तर असं की आधी गोष्टी वाचा. सोपं पडेल म्हणून सांगत नाहीये. त्या फिलॉसॉफर लोकांनी स्वतःच गोष्टींचा आधार घेतलेला आहे, तेही अगदी मोक्याच्या जागी, म्हणून सांगतोय.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला, घरी तेलुगू आणि शाळा मराठी. तत्त्वज्ञानाची डिग्री नाही. यंत्रमाग कारखान्यातल्या कामगारांचे फंडाचे, विम्याचे कागद भरून द्यायचं काम करतो आणि रात्री वाचतो.

कॉन्टिनेन्टल म्हणजे ढोबळमानाने जर्मनी-फ्रान्सकडची परंपरा, हेगेल, किर्केगार्द, नीत्शे, हुसेर्ल, हायडेगर, सार्त्र, पुढं फूको, देरिदा वगैरे. यांचं एकमेकांशी पटत नाही, पण बऱ्याच जणांना एक गोष्ट मान्य आहे की माणूस जगतो कसा हे नुसतं बाहेरून मोजमाप करून हाती लागत नाही, जगणाऱ्याला ते कसं दिसतं त्याचं वर्णन करावं लागतं. आता वर्णन म्हटलं की तिथं कादंबरीकार आधीपासून बसलेलाच आहे ना. म्हणून तर किर्केगार्दने १८४३ सालीच टोपणनावं घेऊन, पात्रं उभी करून लिहिलं आणि नीत्शेला आपलं म्हणणं मांडायला झरतुष्ट्र नावाचा माणूस डोंगरावरून खाली आणावा लागला.

सार्त्रचा किस्सा प्रसिद्ध आहे, त्याची जोडीदार, लेखिका सिमोन द बोव्हारने आठवणींमध्ये लिहून ठेवलाय. रेमों आरों हा त्याचा मित्र बर्लिनला हुसेर्ल वाचत होता, तो पॅरिसला आला तेव्हा एका बारमध्ये समोरच्या कॉकटेलच्या ग्लासकडे बोट करून म्हणाला की तू फिनॉमिनॉलॉजी, म्हणजे गोष्टी अनुभवात जशा दिसतात तशा वर्णन करायची हुसेर्लची पद्धत, धरलीस तर या ग्लासबद्दल बोलशील आणि ती फिलॉसॉफी असेल. सार्त्र एवढा हलला की १९३३ साली तो स्वतः बर्लिनला गेला. पण पुढचा क्रम बघा, ‘नॉशिया’ ही कादंबरी आली १९३८ ला आणि ‘बीइंग अँड नथिंगनेस’ हा जाडजूड ग्रंथ १९४३ ला. म्हणजे मोठ्या ग्रंथाच्या पाच वर्षं आधी कादंबरी.

त्या कादंबरीत रोकांतँ नावाचा माणूस बागेत बाकावर बसलाय आणि त्याच्या पायाशी चेस्टनटच्या झाडाचं मूळ जमिनीत घुसलंय. याला मूळ म्हणतात हे एकदम त्याच्या मनातून निघून जातं. मग तो मुद्दाम आठवून बघतो की हे मूळ आहे, झाडासाठी पाणी ओढून घेणारा पंप आहे, सगळं बरोबर आहे, पण त्या बरोबर माहितीतून समोरचं हे काळं, गाठीगाठीचं, कातड्यासारखं कडक काहीतरी येत नाही ते नाहीच. ते उगाच आहे, कारणाशिवाय आहे, आणि आपणही तसेच आहोत हे त्याला अंगावर येतं. हाच मुद्दा ग्रंथात शेकडो पानं आहे, तिथं तुम्ही तो समजून घेता. बागेत मात्र तुम्हाला थोडं मळमळतं. हे मळमळणं ग्रंथ देऊ शकत नाही हे सार्त्रला ठाऊक होतं असं मला वाटतं, नाहीतर एवढा फिलॉसॉफर माणूस कादंबरी कशाला लिहील?

आता तुमच्या हायडेगरकडे येतो. ‘बीइंग अँड टाइम’ १९२७ चं. त्यात मरणावरचं जे प्रकरण आहे तिथं तो म्हणतो की आपण मरणाबद्दल बोलतो ते ‘माणूस मरतोच’ असं, म्हणजे मरणारा कायम कुणीतरी, मी नाही. आणि तिथं तळटीप देतो टॉलस्टॉयच्या ‘इवान इलिचचा मृत्यू’ या १८८६ च्या गोष्टीची. एवढा स्वतःचे शब्द स्वतः घडवणारा माणूस, पण या जागी त्याला एका रशियन गोष्टीकडे बोट दाखवावं लागलं!

ती गोष्ट अजून वाचली नसेल तर आजच घ्या, शंभरेक पानांची आहे. सुरुवातीलाच कोर्टातले सहकारी पेपरात इवान इलिचच्या मरणाची बातमी वाचतात आणि प्रत्येकाच्या मनात पहिला विचार येतो तो बदल्या-बढत्यांचा, आणि दुसरा की मेला तो, मी नाही. आपल्याकडं मयतीला उभं राहिलं की काय कानावर येतं? काय झालं वो, शुगर होती का, वय किती, दारू होती का. प्रत्येक प्रश्नाने ते मरण आपल्यापासून एक पाऊल लांब सरकतं. मला शुगर नाही, माझं वय तेवढं नाही, झालं. बोलणाऱ्यांचा दोष नाही, सगळे तसंच बोलतात, मीही बोलतो, आणि हायडेगरचं म्हणणं नेमकं हेच आहे की हे बोलणं कुणा एकाचं नसतंच.

मग खुद्द इवान इलिचचा आजार. नव्या घरात पडदे कसे लावायचे ते दाखवायला तो शिडीवर चढतो, पाय घसरतो, कुशीला खिडकीच्या चौकटीची मूठ लागते, एवढंच. पुढं तो अंथरुणात पडून विचार करतो की तर्कशास्त्राच्या पुस्तकात शिकलो होतो, कायस माणूस आहे, माणसं मर्त्य आहेत, म्हणून कायस मर्त्य आहे. कायसच्या बाबतीत ते बरोबरच होतं. पण लहानपणी मला पट्ट्यापट्ट्यांचा चामड्याचा चेंडू आवडायचा, त्याचा वास कायसला माहीत होता का? या एका चेंडूच्या वासाने तो अख्खा सिलॉजिझम, म्हणजे तर्काची ती तीन वाक्यांची साखळी, कोसळतो. साहित्य आणि तत्त्वज्ञान कुठं भेटतात असं कुणी मला विचारलं तर मी या पानावर बोट ठेवीन.

काफ्काबद्दल थोडं जास्त बोलणार, कारण तो माझ्या धंद्याच्या जवळचा आहे. प्रागमध्ये कामगार अपघात विमा संस्थेत तो १९०८ पासून १९२२ पर्यंत नोकरीला होता. कोणत्या कारखान्यात किती धोका हे ठरवायचं, मालकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची. लाकूड रंधायच्या मशीनवर त्याने एक रिपोर्ट लिहिलाय, चौकोनी दांड्याने बोटं कशी जातात आणि गोल दांडा बसवला तर कशी वाचतात, चित्रांसकट. असा माणूस रात्री गोष्टी लिहायचा.

आमच्या पूर्व भागात बऱ्याच तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी आणि स्वतःचं नाव नंतर, मराठी कागदावर आडनाव शेवटी, त्यामुळं एकाच विणकराचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने पडलेलं असतं. अशाच एका वयस्कर कामगाराचा क्लेम परत आला, तिन्ही नावांचा माणूस एकच आहे हे सिद्ध करा म्हणून. ते मला म्हणाले, मी मीच आहे हे आता कुणाकडून लिहून आणू? काम झालं पुढं, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

तरीही काफ्का म्हणजे ऑफिसातली दिरंगाई असं समजून वाचू नका, ते फार वरवरचं आहे. ‘द ट्रायल’मध्ये योसेफ के.ला अटक होते, आरोप सांगत नाहीत, पण कोंडतही नाहीत, तो बँकेत कामाला जात राहतो. सुनावणी रविवारी आहे एवढंच कळवतात, वेळ कळवत नाहीत. तो स्वतःच ठरवतो की नऊला जावं. जागा शोधत शोधत भाड्याच्या चाळीवजा इमारतीत जिने चढतो, कपडे धुणारी एक बाई दार दाखवते, आत गेल्यावर न्यायाधीश म्हणतो, तुम्ही एक तास पाच मिनिटांपूर्वी यायला हवं होतं. थांबून विचार करा. नऊची वेळ तर याने मनात ठरवली होती, ती कोर्टाला कशी कळली? हे ऑफिस बाहेर कुठं नाहीये, किंवा फक्त बाहेर नाहीये.

त्याच कादंबरीत ती दारवानाची गोष्ट आहे, काफ्काने ती १९१५ ला वेगळी छापली होती. माणूस कायद्याच्या दाराशी आयुष्यभर बसून राहतो आणि मरताना कळतं की हे दार फक्त त्याच्यासाठी होतं, आता ते बंद होणार. दीड-दोन पानं. पण गोष्ट संपल्यावर चर्चमध्ये पाद्री आणि के. त्या गोष्टीचा अर्थ काय यावर पानंच्या पानं वाद घालतात, दारवानाने फसवलं का, का तोच फसलेला होता, वगैरे. म्हणजे टीका-समीक्षेचं काम कादंबरीनेच सुरू करून ठेवलंय. वाल्टर बेंजामिन या जर्मन समीक्षकाने १९३४ ला, पुढं अदोर्नो, देरिदा या फिलॉसॉफरांनी काफ्कावर लिहिलं ते सगळे त्या चर्चमधल्या वादात मागून येऊन बसलेत असं मी समजतो.

दल्यूझ आणि ग्वातारी या फ्रेंच विचारवंतांचं काफ्कावरचं पुस्तक १९७५ चं. त्यांचं म्हणणं, अल्पसंख्य समाज मोठ्या भाषेत लिहितो तेव्हा ती भाषा आपल्या जमिनीवरून सुटते, तिथं खासगी गोष्टसुद्धा लगेच राजकीय होते आणि एकट्याचा आवाज समूहाचा होतो. प्रागमध्ये सगळीकडं चेक, आणि काफ्का ज्यू, लिहितो जर्मनमध्ये. सोलापुरात बसून हे वाचताना मला फार जवळचं वाटलं, इथं एका गल्लीत तेलुगू, दुसऱ्या गल्लीत कन्नड, पलीकडं उर्दू, आणि अर्ज मराठीत. पण मला ते अर्धंच पटतं. काफ्काची जर्मन मोडकी-तोडकी नाही, उलट फार स्वच्छ आणि नेमकी आहे असं जाणकार सांगतात. परकेपणा आणायला भाषा मोडावीच लागते असं नाही.

आणि आता जो प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मला महत्त्वाचा वाटतो तो. सार्त्रने १९४५ च्या पॅरिसच्या भाषणात सांगितलं की माणूस आधी असतो, तो कोण हे नंतर त्याच्या करण्यातून ठरतं. ऐकायला जबरदस्त. पण शरणकुमार लिंबाळे आमच्या सोलापूर जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, त्यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ ला आलं. आई महार, बाप पाटील, लग्न नाही. जन्मायच्या आधीच गावाने ठरवून टाकलंय की हा कोण. सार्त्रचं वाक्य घेऊन हन्नूरला जा आणि बघा ते टिकतं का. माझ्या मते अर्धवट टिकतं, कारण ते पुस्तक लिहिणं हे स्वतः ‘मी कोण हे मी सांगणार’ असं करणंच आहे, पण ते करायला आधी केवढं लादलेलं उपसावं लागलं ते सार्त्रच्या कॅफेतून दिसत नाही. फ्रान्झ फॅनन या कृष्णवर्णीय विचारवंताने १९५२ च्या ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’मध्ये सार्त्रशी हाच वाद घातलाय, रस्त्यावर काळ्या माणसाकडे बोट दाखवलं जातं तेव्हा तो स्वतःला घडवायच्या आधीच घडवला गेलेला असतो. काम्यूचंही तसंच बघा, ‘द स्ट्रेंजर’ १९४२ ची, त्यात ज्या अरबाला गोळ्या घातल्या जातात त्याला नावच नाही. २०१३ साली कामेल दाऊद या अल्जेरियन लेखकाने त्या मेलेल्या अरबाच्या भावाच्या तोंडून कादंबरी लिहिली आणि मेलेल्याला मूसा हे नाव दिलं. तत्त्वज्ञानातल्या रिकाम्या जागा अशा कादंबऱ्याच दाखवतात.

मराठीत ‘कोसला’वर, जी. ए. कुलकर्णींवर अस्तित्ववादाचा, म्हणजे सार्त्रच्या ‘माणूस आधी असतो’ या विचाराचा, शिक्का मारून मोकळं व्हायची सवय आहे, ती लावून घेऊ नका. ‘कोसला’ १९६३ ची, त्यात मनी ही बहीण जाते तो भाग वाचताना कुठलाही वाद आठवायची गरज नाही, आणि आठवलाच तर इवान इलिच आठवू दे. जी. एं.च्या ‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ मात्र काफ्काच्या दारवानानंतर लगेच वाचा, तिथं दार बाहेरून बंद आहे आणि माणूस आत आहे, फरक तुमचा तुम्हाला कळेल.

तर क्रम असा ठेवा, आधी इवान इलिच, मग दारवानाची गोष्ट, मग ‘द स्ट्रेंजर’, सोबत ‘कोसला’ आणि ‘अक्करमाशी’. एवढं झालं की ‘बीइंग अँड टाइम’च्या दुसऱ्या भागातलं पहिलं प्रकरण तेवढं उघडा, मरणावरचं, सुरुवातीपासून पूर्ण वाचायचा हट्ट नको. सोलापुरातच असाल तर हिराचंद नेमचंद वाचनालयाचं सभासदत्व घेऊन टाका. आणि ‘नॉशिया’ वाचताना सुरुवात संथ वाटली तर सोडू नका, बागेतला तो प्रसंग बराच पुढं, शेवटाकडं येतो.