ड्रोनने जमीन मोजली तर बागेचा प्लॅन करता येईल का?

प्रश्न: गुहागरजवळ आमची पाचेक एकर वरकस जमीन आहे, वर कातळ, खाली उतार आणि मधून पऱ्या वाहतो. हापूसची कलमं लावायचीत, पाणीही अडवायचंय. ड्रोन सर्व्हे करून घ्यावा का?

उत्तर: दादा, जरूर करा, पण मे महिन्यात करा. तेव्हा गवत वाळून बसलेलं असतं आणि गडगे, वाटा, पऱ्याचं पात्र सगळं वरून स्वच्छ दिसतं, एकदा पाऊस सुरू झाला की ढग आणि रान दोन्ही आडवे येतात. ड्रोन एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो काढतो, त्यातून नकाशा आणि कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दोन्ही मिळतात, म्हणजे उतार कुठे किती आहे ते कळतं आणि चर कुठून खणायचे, बंधारा कुठे घालायचा हे कागदावरच ठरवता येतं. मात्र जमिनीवर आधी खुणा करून त्या जीपीएसने मोजायला सांगा, नाहीतर उंचीचे आकडे भरवशाचे येत नाहीत!! दाट झाडीखालची जमीन साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही, त्याला लिडार (लेसर किरणांनी मोजणारं यंत्र) लागतो आणि तो महाग पडतो. आणि माती किती खोल आहे हे कुठलाच फोटो सांगत नाही, जांभा दोन फुटांवर लागतो की सहा, ते खड्डा मारूनच बघा.

हद्दीचा वाद असेल तर खाजगी ड्रोनचा नकाशा चालत नाही, भूमी अभिलेखकडूनच मोजणी घ्या. ड्रोनने मोजणी करून मालकीचा कागद देणारी सरकारची २०२० ची स्वामित्व योजना गावठाणातल्या घरांसाठी आहे, तुमच्या वरकसला ती लागू नाही.