वाचकांचे प्रश्न : ओजेजची एलपी ढाल्या आवाजात का वाजते?

प्रश्न : आमच्या खंजिरी भजन मंडळाला अमेरिकेतून आलेला जुना रेकॉर्ड प्लेअर आणि ओजेज या गायक-त्रिकुटाची 'बॅक स्टॅबर्स' ही एलपी मिळाली. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून वाजवतो. आवाज फार ढाले येतात, पेटीच्या एकाही पट्टीत सूर बसत नाही. एलपी बिघडली का?
— एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : एलपी ठणठणीत असणार, मशीन संथ फिरतंय. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सीला, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा पुढे-मागे होते त्याला, हातही लावत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. जुनी सिंक्रोनस मोटर फ्रिक्वेन्सीनुसारच फिरते. म्हणून मिनिटाला ३३ १/३ ऐवजी जेमतेम २७.८ फेरे होतात. काळ्या-पांढऱ्या धरून पेटीच्या तीन पट्ट्यांहून किंचित जास्तच सूर उतरतो. तो 'किंचित'च तुम्हाला कुठल्या पट्टीत बसू देत नाही.

खात्री करून घ्या. एलपीखाली कागदाची चिठ्ठी काठाबाहेर डोकावेल अशी ठेवा, सुई टेकवा आणि घड्याळ लावून ३ मिनिटं फेरे मोजा. बरोबर १०० यायला हवेत. ८३ च्या आसपास आले तर दोष हाच.

मशीनच्या बुडाशी ५०/६० चं बटण आहे का ते आधी पाहा. नसेल आणि रबरी पट्ट्यावर (बेल्टवर) चालणारं मशीन असेल, तर मोटरची पुली बदला. व्यास १.२ पट हवा, म्हणजे १० मिमीची असेल तर १२ मिमीची. लेथवाला पितळेची करून देईल, फक्त भोक अगदी मधोमध हवं. केसभर जरी सरकलं तरी लांबवलेला सूर हेलकावे खातो. पुलीवर टेप गुंडाळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. थर सारखा बसत नाही आणि उन्हाळ्यात डिंक सुटतो.

एवढं केल्यावर शीर्षकगीत पुन्हा लावा. सुरुवातीलाच पियानोवर गडगडाट होतो, मग तालवाद्यं आणि व्हायोलिनं येतात. एडी लेव्हर्टचा रांगडा आवाज पुढे, वॉल्टर विल्यम्स आणि विल्यम पॉवेल मागे. तुमच्याकडे बुवांनी ओळ टाकली की मंडळ ती उचलतं, तसंच हे ओळ सोडणं आणि झेलणं आहे. पण मागचे दोघं तीच ओळ परत म्हणत नाहीत, लेव्हर्ट श्वास घेतो त्या फटीत आपले शब्द भरतात. १९७२ साली फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत, केनी गॅम्बल आणि लिऑन हफ या निर्मात्यांच्या हाताखाली ही गाणी ध्वनिमुद्रित झाली. ती संथ मशीनवर ऐकून या गळ्यांबद्दल मत बनवणं म्हणजे त्यांच्यावर अन्यायच.

प्रश्न : याच एलपीतल्या शेवटच्या 'लव्ह ट्रेन'मध्ये 'स' आला की फसफस होते. पहिली गाणी स्वच्छ वाजतात.

उत्तर : शेवटचं गाणं लेबलजवळ असतं. बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, आणि झिजलेली किंवा तिरकी बसलेली सुई तिथेच उघडी पडते. आधी सुई बदला, मग कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, सरळ आहे का पाहा. सुईवरचा भार कंपनीने सांगितला तितकाच ठेवा. कमी पडला तरी फसफस होते. हेडवर नाणं मात्र ठेवू नका, खाच कायमची खरवडते.

प्रश्न : घरात कापूस भरला की एलपीवर रेशे बसतात. कशानं पुसू?

उत्तर : कापसाच्या बोळ्यानं नाही, त्याचेच रेशे खाचेत अडकतात. मऊ सुती फडकं बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड पाण्यात ओलं करून घट्ट पिळा आणि खाचेच्या दिशेनं गोल फिरवा. लेबल ओलं होऊ देऊ नका. बोअरचं पाणी वापरलं तर क्षार खाचेत वाळतात आणि कडकड वाढते. मे महिन्यात एलपी टिनाखालच्या खोलीत ठेवू नका. आतल्या भिंतीला, खिडकीपासून दूर, उभी ठेवा. आडवी रचली की खालची वाकते.