पुस्तकाची पत्रिका आधी बघ

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सामुराईंच्या आचारधर्मावरचं ‘बुशिदो’ वाचून भारावलीस, मग ‘द क्रिसॅन्थिमम अँड द सोर्ड’ वाचून जपानी मन कळलं असं वाटलं आणि लगेच कुणाचा तरी लेख हाती पडला, ज्यात दोन्ही पुस्तकांच्या चिंध्या केल्या होत्या. आता विचारतेस, यांतलं खरं कोणतं? आणि प्रबंधासाठी भरवशाच्या दहा पुस्तकांची यादी द्या म्हणतेस.

यादी मिळणार नाही. याद्या मागणारे खूप पाहिले. यादी टेबलासमोरच्या भिंतीवर लागते, पुस्तकं ग्रंथालयातच राहतात.

लग्नाच्या पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही, पण पुस्तकाची पत्रिका बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. कुणी लिहिलं, केव्हा, कुठे बसून, आणि कुणाला ऐकवायला? तुझ्या त्या ‘बुशिदो’चीच मांडून बघ. त्याचे लेखक नितोबे इनाझो १८६२ साली जपानमधल्या मोरिओकाच्या सामुराई घरात जन्मले. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली तेव्हा ते पोरसवदाच होते. पुढे ख्रिस्ती झाले, क्वेकर पंथात गेले, फिलाडेल्फियाच्या मुलीशी लग्न केलं. पुस्तक इंग्रजीत लिहिलं, अमेरिकेत. प्रस्तावनेखाली पेनसिल्व्हेनियातलं गाव आणि डिसेंबर १८९९ असं स्पष्ट छापलंय. धर्मशिक्षणाशिवाय तुम्ही मुलांना नीती शिकवता तरी कशी, असं एका बेल्जियन विद्वानाने विचारलं होतं. शिवाय बायकोचे प्रश्न रोजचेच. त्यांना दिलेलं ते उत्तर आहे. म्हणून तर सामुराईच्या गोष्टीत पानोपानी बायबल आणि शेक्सपिअर येतात! जपानी भाषांतर निघालं ते १९०८ मध्ये. यातलं बरंचसं प्रस्तावनेतच आहे. तू प्रस्तावना ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर गेलीस ना? सगळे जातात.

‘द क्रिसॅन्थिमम अँड द सोर्ड’ लिहिणाऱ्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्टचंही तेच. जून १९४४ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्यावर काम सोपवलं. शत्रू शरण येईल का, सम्राटाचं काय करायचं, हे त्यांना हवं होतं. युद्ध चालू, त्यामुळे जपानला जाण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतल्या जपान्यांशी बोलून, पुस्तकं आणि चित्रपट बघून तिने काम केलं, आणि हे सगळं पहिल्याच प्रकरणात आडपडदा न ठेवता सांगितलंय. १९४८ मध्ये जपानीत भाषांतर आलं आणि जपान्यांनीच ते उचलून धरलं. आपण असे आहोत का, यावर तिथे वाद झडले. आता सांग, ते पुस्तक जपानबद्दल आहे, १९४४च्या अमेरिकेबद्दल आहे, की हरलेल्या जपानने स्वतःकडे कसं पाहिलं त्याचा कागद आहे? तिन्ही. ‘खरं कोणतं’ या प्रश्नाने तू यातलं काहीच हाती लागू देणार नाहीस.

परक्यांची पत्रिका मांडणं सोपं असतं. आपल्या आवडत्यांची मांडायची वेळ आली की हात आखडतो. जपानी कलाविचारक ओकाकुरा काकुझोंचं ‘आशिया एक आहे’ हे वाक्य आपल्याकडे किती प्रेमाने उद्धृत होतं! ते ज्या पुस्तकात आहे, ते ‘द आयडिअल्स ऑफ द ईस्ट’ १९०३ मध्ये लंडनला निघालं, इंग्रजीत, भगिनी निवेदितांच्या प्रस्तावनेसह. १८९८ मध्ये तोक्योच्या कलाशाळेचं प्रमुखपद सोडावं लागलेला हा माणूस १९०२ साली कलकत्त्यात ठाकूर (टागोर) मंडळींच्या सहवासात होता. त्या हवेत ते वाक्य पिकलं. आणि पुढे तेच वाक्य जपानी लष्करशाहीने आपल्या झेंड्यावर चढवलं.

अजिंठ्यात पद्मपाणीसमोर उभं राहून ‘जपानच्या होर्यूजी मंदिरातली चित्रं इथूनच गेली’ असं म्हणणारे तुला भेटतील. मलाही ते म्हणायला आवडतं. पण अजिंठ्याचं ते लेणं पाचव्या शतकातलं, होर्यूजीची भित्तिचित्रं सन ७००च्या आसपासची, आणि मध्ये अख्खा मध्य आशिया आणि तांग राजवटीचा चीन पसरलाय. तो ओलांडून थेट उडी मारणारं पुस्तक दिसलं की ते कुणाच्या समाधानासाठी लिहिलंय ते बघ. त्यातून होर्यूजीची ती चित्रं जानेवारी १९४९च्या आगीत होरपळली. त्यामुळे आपण तुलना करतो ती बहुतेक आगीपूर्वीच्या फोटोंशी आणि नकलांशी. अजिंठ्याच्या नकला करायला आलेले जपानी चित्रकार आराई कांपो पुढे होर्यूजीच्या नकलांच्या कामावरही होते. म्हणजे नकलेचीसुद्धा पत्रिका बघायची.

विज्ञानाच्या इतिहासात हे लागू नाही असं वाटत असेल, तर जपानी वैद्य सुगिता गेन्पाकू वाच. १७७१ मध्ये एदोतल्या (आजच्या तोक्योतल्या) कोझुकाप्पारा या वधस्थळी तो आणि त्याचा सहकारी वैद्य माएनो र्योताकू एका मृतदेहाचं विच्छेदन बघायला गेले, हातात शरीररचनेचं डच पुस्तक घेऊन. चिनी ग्रंथांतलं वर्णन आणि समोरचा देह जुळत नाही, हे आधीच्या वैद्यांनीही पाहिलं होतं. त्यांनी शंका काढली ती अशी, की चिनी माणसाचं शरीरच वेगळं असेल! या दोघांनी देहाशी पुस्तक ताडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून भाषांतराला बसले. १७७४ मध्ये ते भाषांतर ‘काइताइ शिन्शो’ या नावाने छापून आलं. ही माझी सर्वांत लाडकी गोष्ट. पण ती आपल्याला ठाऊक आहे ती मुख्यतः गेन्पाकूने १८१५ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर लिहिलेल्या आठवणींतून. म्हाताऱ्याच्या आठवणी आहेत, त्याही तशाच वाच.

‘जपानी शिकायला आता उशीर झाला,’ हे वाक्य मात्र पुन्हा लिहू नकोस. चिनी विज्ञानाच्या इतिहासाचा तो डोंगर उभा करणारा जोसेफ नीडहॅम मुळात जीवरसायनशास्त्रज्ञ. चिनी शिकू लागला तेव्हा चाळिशीच्या जवळ होता. तू तेवीसची आहेस. मी चाळिशीनंतर शिकलो, जेमतेम प्रस्तावना वाचण्यापुरतं, आणि ती उरलेली पानं अजून सलतात.

लोक म्हणतात, या पत्रिका बघण्यापायी सरांचं स्वतःचं पुस्तक राहून गेलं. राहिलं खरं. प्रकाशकाला आटोपशीर ‘जपानी सौंदर्यदृष्टी’ हवी होती. मी प्रत्येक विधानामागे कुणी, कुठे, कुणासाठी जोडत गेलो, हस्तलिखित फुगत गेलं आणि त्यांचा धीर सुटला. ते गठ्ठे कपाटात आहेत. माझ्याबरोबरच्यांची आटोपशीर पुस्तकं दुकानांत आहेत, आणि त्यांत ‘जपानी माणूस निसर्गाशी एकरूप असतो’ अशी वाक्यं सुखाने नांदताहेत. कोणता जपानी माणूस? कोणत्या शतकातला? हे न विचारता मला लिहिता आलं नसतं आणि आजही येणार नाही. हट्ट म्हण हवं तर.

‘बुशिदो’ची प्रस्तावना आणि बेनेडिक्टचं पहिलं प्रकरण समोरासमोर ठेवून दोन पानं लिही. दोघं कुणाशी बोलताहेत, एवढंच. ‘जपानी संस्कृती’ हा शब्द दोन्ही पानांत कुठेही येता कामा नये. महिनाअखेरपर्यंत पाठव, हाताने लिहिलेलं चालेल. त्याआधी फोन करून यादी मागितलीस तर उचलणार नाही.