वाचक विचारतात : सीमेवरचा मोबाइल आणि नावाशेजारचा ‘आर’

प्रश्न : आमचे घर उचगावच्या पुढे, शिनोळीच्या बाजूला आहे. सिम बेळगावातले. तरी घरात बसल्या बसल्या कंपनीच्या नावाशेजारी ‘आर’ उमटतो. मग फोन लागतो, पण इंटरनेट बंद. बॅटरीही भराभर उतरते. हा ‘आर’ म्हणजे काय आणि तो घालवायचा कसा?

उत्तर : ‘आर’ म्हणजे रोमिंग. मोबाइल सेवेसाठी देशाचे २२ भाग पाडले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. उचगाव कर्नाटक सर्कलमध्ये येते. शिनोळी चंदगड तालुक्यातली, म्हणजे महाराष्ट्र सर्कलमधली. गोवाही त्याच सर्कलमध्ये असल्यामुळे कणकुंबीहून चोर्ला घाट उतरलात तरी फोनच्या लेखी तुम्ही महाराष्ट्रातच जाता.

फोनला हे कळते कसे? प्रत्येक सिममध्ये आयएमएसआय नावाचा, जास्तीत जास्त १५ आकडी क्रमांक असतो. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे, भारतासाठी बहुधा ४०४ किंवा ४०५. पुढचे दोन-तीन आकडे कंपनीचे, आणि जुन्या कंपन्यांच्या बाबतीत सर्कलचेही. हे दोन्ही मिळून झाला पीएलएमएन, म्हणजे नेटवर्कचा ओळखक्रमांक. एअरटेल कर्नाटकचा ४०४-४५ आणि एअरटेल महाराष्ट्राचा ४०४-९०. कंपनी एकच, पण नेटवर्क म्हणून दोन वेगळे. टॉवर आपला पीएलएमएन सतत प्रसारित करतो, फोन तो सिमशी ताडून पाहतो. जुळला नाही आणि कंपनीने त्याला ‘घरचा’ मानायला सांगितले नसेल, तर ‘आर’ लागतो.

खरा त्रास यापुढे आहे. फोन घरचे नेटवर्क सहजासहजी सोडत नाही, पण ते क्षणभर जरी पार गेले तरी शिनोळीकडचा टॉवर धरतो. एकदा धरला की लगेच परतत नाही. घरचे नेटवर्क पुन्हा कधी शोधायचे याची वेळ सिममध्ये ६ मिनिटांच्या पटीत लिहिलेली असते. लिहिलेली नसेल तर ६० मिनिटे धरली जातात. म्हणून हिंडलग्यापर्यंत आलात तरी ‘आर’ तसाच राहू शकतो. एअरप्लेन मोड लावून काढल्याने तो जाईलच असे नाही, कारण फोन सुरू होताना बहुधा शेवटचे नेटवर्कच आधी धरू पाहतो.

खात्रीचा उपाय असा. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कखाली ‘ऑटोमॅटिक’ निवड बंद करा. एक-दोन मिनिटांत यादी येईल, त्यातून आपल्या कंपनीचे कर्नाटकातले नेटवर्क निवडा. जोडले गेले की पुन्हा ऑटोमॅटिक सुरू करा. हे शेवटचे पाऊल विसरू नका. विसरलात तर कोल्हापूरला गेल्यावर ‘नो सर्व्हिस’ दिसेल आणि तुम्ही सिमला दोष देत बसाल.

इंटरनेट बंद पडण्याचे कारण बहुतेक वेळा ‘डेटा रोमिंग’चे बटण बंद असणे हेच असते. ते सुरू करा. सध्याच्या बहुतेक अनलिमिटेड पॅकमध्ये देशातले रोमिंग धरलेलेच असते. परदेशी जाण्याआधी मात्र ते आठवणीने बंद करा, नाहीतर बिल भारी येईल.

बॅटरीचे म्हणाल, तर लांबच्या टॉवरपर्यंत आवाज पोहोचवायला फोनला पूर्ण ताकद लावावी लागते. ४जी फोनची कमाल ताकद साधारण २०० मिलिवॅट असते. टॉवर जवळ असेल तर याचा अगदी थोडा भाग पुरतो.

प्रश्न : जांबोटीच्या बाजूला फोनवर दोन दांड्या दिसतात, तरी कॉल तुटतो. दांड्या खोट्या असतात का?

उत्तर : खोट्या नाहीत, पण त्यांचे सगळ्यांनी मानलेले एक माप नाही, किती सिग्नलला किती दांड्या हे बहुधा फोन बनवणारा ठरवतो. खरे माप डीबीएम, म्हणजे सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक. अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’खाली ‘सिम स्टेटस’मध्ये ते बऱ्याचदा दिसते. आकडा उणे असतो. ३ ने घसरला की सिग्नल निम्मा, १० ने घसरला की दहावा हिस्सा. ४जीमध्ये उणे ८५ उत्तम, उणे १०० चालण्याजोगा, उणे ११५ च्या खाली कॉल तुटायला लागतो. हे माप २जीला लावू नका. ४जीचा सिग्नल (त्याच्या मापाला आरएसआरपी म्हणतात) फक्त १५ किलोहर्ट्झच्या पट्टीवर मोजतात, तर २जीचा २०० किलोहर्ट्झवर. म्हणून उणे १०० ला ४जी चालते, २जी मात्र मरणपंथाला लागलेले असते.

जांबोटी-कणकुंबीचा भाग डोंगराचा आणि दाट झाडीचा. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी अडथळ्याला वळसा घालून बऱ्यापैकी पोहोचतात, २३०० किंवा ३५०० च्या तिथे थकतात. ५जी बहुधा ३५०० च्या आसपास चालते, म्हणून रानात त्याचा हट्ट धरू नका. नेटवर्क प्रकार ‘४जी’वर ठेवून बघा. घरावर पत्रे असतील तर आत सिग्नल आणखी घसरतो. घरी ब्रॉडबँड असेल तर ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करा. त्यात कॉल टॉवरऐवजी वायफायवरून जातो.

प्रश्न : बोलताना इंटरनेट थांबते. व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच बोलण्याची सोय, सुरू आहे, तरीही.

उत्तर : मग दोन सिमचा फोन असेल. एक कर्नाटकचे, एक महाराष्ट्राचे, असे आपल्याकडे पुष्कळजण ठेवतात. बऱ्याच फोनमध्ये रेडिओ, म्हणजे टॉवरशी जोडणारा भाग, एकच असतो. एका सिमवर बोलताना दुसऱ्याचा डेटा थांबतो. ज्या सिमवर जास्त बोलता त्याच सिमवर डेटा ठेवा.

प्रश्न : नंबर कोल्हापूरचा, राहणे आता निपाणीत. नंबर न बदलता कर्नाटक सर्कलमध्ये आणता येईल?

उत्तर : येईल. ३ जुलै २०१५ पासून एमएनपी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय, सर्कल ओलांडूनही मिळते. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘पोर्ट’ लिहून जागा सोडा, पुढे आपला दहा आकडी नंबर घाला आणि १९०० वर एसएमएस करा. उत्तरात यूपीसी, म्हणजे पोर्टिंगसाठीचा ८ अक्षरांचा कोड, येईल. तो चार दिवस चालतो, तेवढ्यात निपाणीतल्या नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जा. सर्कल बदलत असल्याने पाच कामाचे दिवस लागतात. यूपीसी येत नसेल तर आधी दोन गोष्टी पाहा : सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेत का, आणि पोस्टपेडचे बिल थकलेले नाही ना. हल्लीच सिम बदलून घेतले असेल तर सात दिवस थांबावे लागते.

तोवर ऑनलाइन रिचार्ज करताना सर्कल ‘महाराष्ट्र आणि गोवा’ असेच निवडा. राहता कुठे हे तिथे मोजत नाहीत, नंबर कुठला हे मोजतात.

प्रश्न : बाजारात फोन चोरीला गेला. आयएमईआय लागतो म्हणतात.

उत्तर : हा फोनचा स्वतःचा १५ आकडी क्रमांक. खोक्यावर छापलेला असतो, बिलावरही बहुधा सापडतो. चालू फोनवर *#०६# दाबले की दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहून ठेवा. पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्या, त्याच नंबरचे नवे सिम काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर सीईआयआरमध्ये, म्हणजे आयएमईआयच्या देशव्यापी नोंदवहीत, फोन बंद करण्याची नोंद करा. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, म्हणून ओटीपीसाठी तेवढा वेळ थांबावे लागू शकते. ही बंदी देशभर लागू होते. बेळगावात चोरलेला फोन कोल्हापुरात दुसरे सिम घालूनही चालत नाही.